कामुईची धाव : साम्पेई शिरातोच्या चित्रकथेतील जात आणि वर्ग

जपानी भाषेत 'हिनिन' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'माणूस नसलेला'. दुसरा शब्द 'एता'. तो ज्या अक्षरांनी लिहीत, त्यांचा अर्थ होतो 'पुष्कळ विटाळ'. तोकुगावा घराण्याच्या अमदानीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, वधस्तंभावरची प्रेते उतरवणे, चोरांमागे धावणे आणि सणावाराला दारोदार मागणे ही कामे ज्यांच्या माथी मारलेली होती, त्यांना या दोन नावांनी ओळखले जाई. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, त्यांचे लग्नसंबंध वेगळे. त्यांच्या हातचा विस्तवसुद्धा चालत नसे. हे सारे एका बौद्ध म्हणवणाऱ्या देशात घडत होते, हे धम्माच्या वाटेने निघालेल्या आपल्यासारख्या माणसांनी ध्यानात ठेवलेले बरे.

अशा हिनिन वस्तीत जन्मलेल्या एका पोराला नायक करून १९६४ च्या डिसेंबर महिन्यात तोक्योतील 'गारो' नावाच्या एका लहानशा मासिकात चित्रकथा सुरू झाली. तिचे नाव 'कामुई-देन', म्हणजे कामुईची कथा. ती १९७१ च्या जुलैपर्यंत चालली. चित्रकथेला जपानीत 'मंगा' म्हणतात आणि तोवर मंगा म्हणजे पोराबाळांचा खाऊ असाच समज होता. विद्यापीठातले विद्यार्थी मंगा वाचतात, तिच्यावर वाद घालतात, मोर्चाला जाताना ती झोळीत घेऊन जातात, हे दृश्य जपानने या काळात प्रथम पाहिले. ही चित्रकथा काढणारा माणूस साम्पेई शिरातो. त्याच्या कामाकडे आपण केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. त्याने जातीचा प्रश्न जसा मांडला आणि त्याच्या वाचकांनी तो जसा घेतला, त्यात आपल्याही चळवळीला नीट तपासून पाहावे असे बरेच काही आहे.

शिरातोचे खरे नाव ओकामोतो नोबोरु. जन्म १५ फेब्रुवारी १९३२, तोक्यो. बाप ओकामोतो तोकी हा कामगारवर्गीय चित्रकला चळवळीतला बिनीचा चित्रकार. १९२५ च्या शांतता-रक्षण कायद्याखाली डाव्या विचारांच्या माणसांची धरपकड चालू होती तो हा काळ. 'खेकड्यांची बोट' ही कादंबरी लिहिणारा कोबायाशी ताकिजी २० फेब्रुवारी १९३३ रोजी पोलीस कोठडीत मारून टाकला गेला, तेव्हा त्याच्या मृत चेहऱ्याचे चित्र ओकामोतोने रंगवले. पोलिसांचा मार त्याने स्वतःही खाल्ला होता. पुढे पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तो वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळला. घर पोलिसांच्या नजरेखाली, चूल कधी पेटे कधी न पेटे, बिऱ्हाड आज या शहरात तर उद्या त्या शहरात. ओसाकात कोरियन मजुरांच्या आणि बुराकूंच्या वस्त्यांशेजारी दिवस काढावे लागले. युद्धाच्या अखेरीस कुटुंब नागानोच्या डोंगराळ मुलखात गेले. तिथे या पोराने शेतकऱ्याची उपासमार पाहिली, तसे रानही पाहिले. त्याच्या चित्रांतला लांडगा, ससाणा, ओढ्यातला मासा हे शोभेसाठी येत नाहीत; पोट भरायला धावणारे जीव म्हणून येतात.

युद्ध संपल्यावर त्याने 'कामिशिबाई'साठी चित्रे रंगवली. सायकलवर लाकडी चौकट बांधून, मुलांना गोळ्या विकत, एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची, हा तो धंदा. दूरचित्रवाणी येऊ लागली आणि हा धंदा बसला. मग १९५७ पासून तो भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथा काढू लागला. ही पुस्तके दुकानातून दहा येन देऊन एक-दोन दिवसांसाठी घरी न्यायची असत. ती वाचणारा वर्ग कोणता? शाळा अर्धी सोडून खेड्यातून गाडीभर आणलेली, कारखान्यात आणि दुकानांत राबणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरे. चांगल्या घरातल्या आया या पुस्तकांना हात लावू देत नसत. शिरातोचा पहिला वाचक हा असा होता. विद्यापीठे त्याच्याकडे फार नंतर आली.

१९५९ ते १९६२ या काळात १७ भागांत त्याची 'निंजा बुगेइचो' निघाली. सोळाव्या शतकातली सरदारांची झोटिंगशाही, तिच्याविरुद्ध उठणारे शेतकरी आणि त्यांच्या बाजूने लढणारा कागेमारु नावाचा गुप्त योद्धा. हा कागेमारु मारला जातो आणि पुन्हा उभा राहतो. अखेर बैलांकरवी त्याचे अवयव फाडले जातात. मुंडकी उडतात, हात तुटून चिखलात पडतात, गावेच्या गावे जळतात. पालक-शिक्षकांच्या संघटना आधीच 'घाणेरड्या पुस्तकांच्या' विरोधात मोहिमा काढत होत्या. शिरातोची चित्रे त्यांना मुलांची मने नासवणारी वाटली. त्यांच्या आक्षेपात एक गोम आहे. सामुराईंनी एकमेकांची मुंडकी उडवलेली जपानी रंगभूमीला आणि सिनेमाला शेकडो वर्षे चालली होती. शेतकऱ्याचे मुंडके उडताना दाखवले, तेही कोणी उडवले हे नाव घेऊन, तेव्हा ते असभ्य ठरले! १९६० साली अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराविरुद्ध जपानच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली, संसदेच्या दारात एक विद्यार्थिनी मेली, करार तरीही झाला. हरलेल्या त्या पिढीने कागेमारुची कथा आपलीच म्हणून वाचली. ओशिमा नागिसाने १९६७ साली तिच्यावर चित्रपट केला. त्यात नट नाहीत. कॅमेरा शिरातोच्या मूळ चित्रांवरूनच फिरतो आणि मागे आवाज ऐकू येतात.

भाड्याच्या पुस्तकांचा बाजारही कोसळू लागला. तेव्हा नागाई कात्सुइची या क्षयाने खंगलेल्या, पण हिंमत न हरलेल्या प्रकाशकाने आणि शिरातोने मिळून 'गारो' काढले. पहिला अंक सप्टेंबर १९६४ चा. पैसा बव्हंशी शिरातोचा. मासिकाचे नावही त्याच्याच एका निंजा पात्रावरून घेतलेले. 'कामुई-देन'ला घर मिळावे म्हणून हे मासिक जन्माला आले असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. दर अंकात शंभरेक पाने या एका कथेची आणि उरलेल्या जागेत मिझुकी शिगेरु, त्सुगे योशिहारु अशी पुढे नावारूपाला आलेली माणसे. ऐन भरात मासिकाचा खप ऐंशी हजारांच्या घरात गेला. तेझुका ओसामु म्हणजे जपानी चित्रकथेचा अनभिषिक्त राजा. त्यालाही १९६७ साली आपले स्वतंत्र मासिक काढून या वाऱ्याला उत्तर द्यावे लागले.

आता कथेकडे येऊ. सतराव्या शतकातले हिओकी नावाचे एक काल्पनिक संस्थान. तिथे तीन तरुण आहेत. कामुई हिनिन वस्तीतला. शोसुके हा शेतकऱ्याच्या घरी राबणाऱ्या गड्याचा पोरगा, म्हणजे शेतकऱ्यांतही तळचा. आणि कुसाका रयुनोशिन हा बड्या सामुराईचा मुलगा, ज्याचे घराणे दरबारी कारस्थानात बुडते. तिघांच्या तीन वाटा. या माणसांच्या बरोबरीने एका पांढऱ्या लांडग्याचीही कथा चालते. रंग वेगळा म्हणून कळप त्याला दूर लोटतो. 'कामुई' हा शब्द जपानीही नाही. तो उत्तरेकडच्या ऐनू या दडपलेल्या आदिवासींच्या भाषेतला असून त्याचा अर्थ देव असा होतो. 'माणूस नसलेला' म्हणून ज्याच्यावर शिक्का आहे, त्याला शिरातोने देवाचे नाव दिले, तेही दुसऱ्या एका नाकारलेल्या जमातीकडून उसने घेऊन.

कामुईला कोणाचे पाय धरायचे नाहीत. बळ मिळाले की माणूसपण मिळेल असे त्याला वाटते. म्हणून तो वस्ती सोडतो आणि निंजा, म्हणजे हेर आणि मारेकरी होतो. तिथे गेल्यावर त्याला कळते की ही टोळीही उतरंडीवरच उभी आहे. वरच्याने हुकूम सोडायचा, खालच्याने जीव द्यायचा. प्रश्न विचारला तर मरण, निघून गेला तरी मरण. कामुई पळतो आणि त्याचेच जुने सोबती त्याच्या मागावर राहतात. एकट्याने जातीतून निसटू पाहणाऱ्या माणसाची ही धाव शिरातोने ज्या निर्दयपणे काढली आहे, तिला तोड नाही. कामुईला मुक्काम नाही. तो कुठेही थांबला की त्याच्याबरोबर थांबणाराही मरतो. आपल्यातही शहरात येऊन आडनाव बदलणारा, वस्तीचे नाव न सांगणारा, कचेरीत दर नव्या साहेबाबरोबर नव्याने घाबरणारा माणूस आहे. त्याला ही धाव ओळखीची वाटेल.

शोसुकेची वाट दुसरी. तो गावातच राहतो, शेतकऱ्यांना एकत्र करतो, कापसासारखी नवी पिके आणतो, पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या कामात हिनिन वस्तीलाही जोडून घेतो. कामुईची बहीण नाना हिच्यावर त्याचे प्रेम आहे. कायद्याने हा संबंध गुन्हा आहे, म्हणून त्यांचा संसार लपून चालतो. संस्थानाचे अधिकारी काय करतात ते शिरातो पानोपानी दाखवतो. शेतकरी उठले की त्यांना पकडायला, त्यांच्यावर पहारा ठेवायला, त्यांना सुळावर चढवायला हिनिनांना पुढे काढायचे. आणि हिनिनांवर शेतकऱ्यांचा राग पेटला की वरून गंमत पाहायची. शेतकऱ्याला सांगायचे, 'तू काहीही झाले तरी त्यांच्याहून वरचा आहेस.' ज्या मुंडक्याला मीठ-भाकर मिळत नाही त्याला हा एक तुकडा फेकला जातो आणि तो त्यावर जगतोही.

संस्थानाच्या तळघरात एक गुपित आहे. तोकुगावा राजवटीचा संस्थापक इएयासु हाच मुळात बहिष्कृत कुळातला होता, हे ते गुपित. ही कल्पना शिरातोची नव्हे. मेइजी काळात, १९०२ साली निघालेल्या एका पुस्तकात ती मांडली गेली होती. इतिहास म्हणून ती टिकत नाही. पण कथेत तिचा घाव वर्मी बसतो: ज्या जन्माच्या नावाने माणसे चिरडली जातात, तो जन्मच सिंहासनावर बसलेला आहे.

पहिला भाग संपतो तो पराभवाने. उठाव मोडला जातो, पुढारी छळून मारले जातात. शोसुके मात्र जिवंत परत पाठवला जातो, जीभ कापून. सगळे मेले आणि हा एकटाच कसा वाचला? फितूर असणार. तो बोलू शकत नाही. ज्यांच्यासाठी त्याने आयुष्य घातले तेच लोक त्याच्यावर तुटून पडतात. सत्तेने त्याला मारले नाही. मारण्याचे काम त्याच्याच माणसांवर सोपवले.

जपानच्या डाव्या समीक्षकांनी या कथेला ऐतिहासिक भौतिकवादाची चित्रकथा म्हटले आणि वर्गलढ्याचे महाकाव्य म्हणून डोक्यावर घेतले. हे वाचन खोटे नाही. अपुरे आहे. शिरातोच्या मांडणीतच त्याला आधार होता. जपानी इतिहासकारांत त्या काळी एक सिद्धांत प्रबळ होता: बहिष्कृत जाती तोकुगावा सत्तेने हेतुपुरस्सर घडवल्या, शेतकऱ्यांत फूट पाडण्यासाठी. म्हणजे जात ही राजाने वरून टाकलेली जाळी. ती उचलली की खाली सगळे शोषित एकच. या सिद्धांताचा मोह कोणाला पडणार नाही? त्यात शेजारी निर्दोष सुटतो.

पण पुढच्या संशोधनाने तो फारसा शिल्लक ठेवला नाही. विटाळाच्या कल्पना आणि बहिष्कृत वस्त्या तोकुगावांच्या कितीतरी आधीच्या, मध्ययुगापासूनच्या आहेत. सत्तेने त्यांना कायद्याची चौकट दिली, पिढीजात केले, हे खरे; पण मूळ बी तिने पेरले नव्हते. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी आणि त्यांच्याखाली बहिष्कृत, हा सुबक जिनाही आता जपानच्या शालेय पुस्तकांतून काढून टाकला गेला आहे.

ओकायामा हा शिरातोच्या बापाचा मुलूख. त्याच परिसरातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १८५५ साली ओकायामा संस्थानाने फर्मान काढले, की एतांनी नक्षी नसलेले, निळीत किंवा पर्सिमॉन फळाच्या रसात बुडवलेलेच कपडे घालावेत. ५३ वस्त्यांनी एकत्र बसून विनंतीअर्ज केला. तो फेटाळला गेला तेव्हा १८५६ च्या उन्हाळ्यात हजार-दीड हजार माणसे चालून गेली. फर्मान कागदावर राहिले, अमलात आले नाही. १२ पुढारी तुरुंगात गेले आणि त्यांतले ६ तिथेच मेले. बहिष्कृतांनी स्वतःच्या बळावर केलेला हा लढा. त्यात शेतकरी बरोबर नव्हता.

दुसरी घटना १८७३ ची. १८७१ साली मेइजी सरकारने एता आणि हिनिन ही नावे रद्द केली, सर्वांना सामान्य प्रजाजन ठरवले. दोन वर्षांनी मिमासाका भागात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. सक्तीची लष्करभरती, शाळांचा खर्च, नवे कर यांविरुद्ध तो होता आणि त्यांच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती: बहिष्कृतांना पूर्वीसारखे खाली ठेवा. जमाव वस्त्यांवर गेला. आधीसारखे नम्रपणे वागू, असे लिहून मागितले. ज्यांनी नकार दिला त्यांना मारले. १८ माणसे ठार झाली, अडीचशेहून अधिक घरे जळाली. शिरातोच्या कथेत जे शेतकरी सरंजामशाहीविरुद्ध उठतात, त्यांचेच हे नातू-पणतू. इथे फूट पाडायला कोणी सरदार उरला नव्हता. सरकार तर जात रद्द झाली म्हणत होते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितले, ते मिमासाकाच्या राखेत अक्षरशः वाचता येते. पायरीवरच्या प्रत्येकाला त्याच्या खालच्या पायरीत हितसंबंध असतो. ती पायरी वरच्याच्या कटामुळे टिकते तशी मधल्याच्या गरजेमुळेही टिकते. १९२२ च्या ३ मार्चला क्योतोत जमलेल्या बुराकूंनी सुइहेईशा, म्हणजे समतल करणाऱ्यांची संघटना स्थापन केली आणि आपली मुक्ती आपणच करायची असे ठरवले, ते या अनुभवातून. काट्यांचा मुकुट हे त्यांचे निशाण.

मग शिरातो चुकला म्हणून त्याला बाजूला ठेवायचे काय? मला तसे वाटत नाही. त्याचा सिद्धांत एक सांगतो आणि त्याचा हात दुसरेच काढतो. शोसुकेवर तुटून पडणाऱ्या जमावाचे चेहरे पाहा. ते फसवल्या गेलेल्या भोळ्या माणसांचे चेहरे नाहीत. त्यांत मारण्याची तहान आहे. कामुईच्या वस्तीतही त्याने सगळे देवदूत भरलेले नाहीत. सत्तेची चाकरी करण्यात सुरक्षितता शोधणारे आहेत, स्वतःच्या माणसाला विकणारे आहेत. हे सत्य त्याने त्या सिद्धांताला बाजूला सारून काढले. शिरातो बुराकू समाजात जन्मला नव्हता. आपल्या वाङ्मयात स्वानुभव आणि सहानुभूती यांचा जो वाद आहे त्यात त्याला कुठे बसवायचे, असा प्रश्न पडेल. माझे मत असे, की शेजारी राहून, अर्धपोटी, पोलिसांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला बरेच दिसते. पण कामुईला आई कशी हाक मारते, चूल कशी लागते, वस्तीत हसू कशाचे येते, हे त्याला फारसे दिसत नाही. त्याचा हिनिन सतत लढतो किंवा मरतो. नुसता जगताना तो क्वचितच सापडतो.

'गारो'ची जुळवाजुळव चालू होती त्याच १९६४ च्या मार्चमध्ये उरावाच्या न्यायालयाने इशिकावा काझुओ या बुराकू तरुणाला फाशी सुनावली. सायामा गावातल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाचा आरोप. पोलीस शोध घेत बुराकू वस्तीत शिरले आणि १९६३ च्या मे महिन्यात चोवीस वर्षांच्या इशिकावाला उचलले. खंडणीची चिठ्ठी त्याने लिहिली म्हणे. त्याला तर धड लिहिता-वाचताही येत नव्हते. अक्षरे तो तुरुंगात शिकला आणि मग आपण निर्दोष असल्याचे स्वतःच्या हाताने लिहू लागला. १९७४ साली फाशीची जन्मठेप झाली, १९९४ साली तो सशर्त सुटला. फेरखटल्याची मागणी करता करता मार्च २०२५ मध्ये तो वारला. १९७५ साली उघडकीला आले, की देशभरातल्या बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात आहेत, नोकरीसाठी येणाऱ्याचे मूळ हुडकायला. 'कामुई-देन' वाचून वाढलेली पिढी तोवर त्या कंपन्यांत लागली होती.

याच बुराकू चळवळीने पुढे आपल्याकडे हात केला. भगवान दास यांनी १९८३ साली जिनेव्हात संयुक्त राष्ट्रांच्या उपआयोगापुढे अस्पृश्यतेची कैफियत मांडली. बुराकू मुक्ती संघाच्या पुढाकाराने १९८८ साली भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. 'काम आणि वंश यांवर आधारित भेदभाव' हा शब्दप्रयोग संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर आला तो दलित आणि बुराकू यांनी एकत्र रेटा लावल्यामुळे.

शिरातोने पुढे १९८८ ते २००० या काळात 'कामुई-देन'चा दुसरा भाग काढला. तो पहिल्याइतका गाजला नाही. तिसरा आलाच नाही. चिबाच्या किनाऱ्यावर राहून कोळ्यांचे खाणे, मासे पकडण्याच्या रीती, रानातली कंदमुळे यांवर तो लिहीत असे. होसेई विद्यापीठात तानाका युको या प्राध्यापिकेने याच चित्रकथेला पाठ्यपुस्तक करून एदो काळाचा समाज शिकवला आणि त्या व्याख्यानांचे पुस्तक २००८ साली निघाले. शिक्षकमित्रांनी याची नोंद घ्यावी. शिरातो ८ ऑक्टोबर २०२१ रोजी वारला. चित्रे पुरी करण्यात आयुष्यभर साथ देणारा धाकटा भाऊ ओकामोतो तेत्सुजी त्याच्यामागून चारच दिवसांनी गेला.

बाजाराने त्याच्यातले काय उचलले हेही पाहण्यासारखे आहे. पळणाऱ्या कामुईच्या सुट्या साहसकथा 'कामुई गाइदेन' या नावाने १९६५ पासून मुलांच्या एका खपाऊ साप्ताहिकात येत होत्या. १९६९ साली दूरचित्रवाणीवर आल्या त्या याच. २००९ साली साई योइची या कोरियन वंशाच्या दिग्दर्शकाने चित्रपट केला तोही यांवरच. १९८७ साली अमेरिकेत इंग्रजीत 'कामुईची कथा' म्हणून जे छापले गेले, तेही हे साहसच होते. तलवार गेली, उड्या गेल्या, समुद्र गेला. हिनिन वस्ती, शोसुके, नाना आणि कापलेली जीभ असलेली मूळ कथा इंग्रजी पुस्तकरूपाने येऊ लागली ती २०२५ साली.